चंद्रव्वाची नवी सुई

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत घरची माणसं पांगली, तर भेटायची जागा आधीच ठरलेली असते. आकाशपाळण्याच्या अलीकडं, चंद्रव्वा गोंदणारी बसते तिथं. बत्तीस वर्षांत पाळणे बदलले, खेळण्यांची दुकानं बदलली, चंद्रव्वाची जागा तसूभर हलली नाही. पासष्टीची, काठीसारखी ताठ बाई. कपाळावर हिरवा ठिपका, हनुवटीवर तीन, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. गिऱ्हाइकानं नक्षी विचारली की ती वही दाखवत नाही, हातच पुढं करते.

"ह्यातलं काय पाहिजे, बोट ठिव."

यंदा पहिल्याच दिवशी कॉलेजातला एक तरुण आला. शर्टाची बटणं सोडून म्हणाला, "आजी, हितं छातीवर नाव लिहा. इंग्लिशमध्ये."

"कुणाचं?"

तो लाजला. बरोबरच्या मित्रांनी शिट्टी मारली.

"लगीन ठरलंय?"

"ठरंल की."

"मग पुढच्या गड्ड्याला ये. तवाबी हेच नाव असलं तर गोंदीन, दोन फुलं वरनं फुकट. आन पोलीस भरतीला जाणार असशील तर आधी इचारून ये. तितं अंग उघडं करून बघत्यात."

मित्र पोट धरून हसले. मागं सतरंजी झटकत बसलेला तिचा नवरा संगप्पा म्हणाला, "हिनं किती पोरांचं संसार वाचवलं, त्यांचं त्यांना ठावं न्हाय." ह्या संगप्पाच्या अंगावर मात्र गोंदणाचा एक ठिपका नाही. सुई बघितली की त्याला घाम फुटतो. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, तो अजून मशीन सुरू झालं की तोंड फिरवून बसतो.

चंद्रव्वाला ही विद्या आईकडून मिळाली. आई सांगोला, माढा, केम असे बाजार करत फिरायची. तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, नारळाच्या करवंटीत दिव्याची काजळी आणि माक्याचा रस. गोंदताना आई गाणं म्हणायची, म्हणजे बाईचं ध्यान दुखण्यावरून उडावं. तुळस, विंचू, लक्ष्मीची पावलं. म्हाताऱ्या म्हणायच्या, मेल्यावर अंगावरचं सोनं लेक-सुना काढून घेतात, गोंदण कोण काढणार? तेवढंच बाईचं स्वतःचं, वर बरोबर जाणारं. नवऱ्याचं नाव तर हटकून गोंदायच्या. बँकेत साहेबानं ते विचारलं की ह्या बाया तोंड उघडत नसत, बाही वर करत.

पण चंद्रव्वानं दुसरी बाजूही बघितली होती. ती सात वर्षांची असताना दोन मावश्यांनी तिचे हात धरले होते, एकीनं डोकं दाबलं होतं, आणि आईनंच तिच्या कपाळावर ठिपका टोचला होता. न गोंदलेली पोर सासरी टोमणे खाते म्हणून. तो ठिपका ती आजही मिरवते. मात्र स्वतः सुई धरायला लागल्यावर तिनं एक नेम केला. हात धरून ठेवलेल्या पोरीला गोंदायचं नाही. आधी पोरीला विचारायचं, मग तिच्या सासूला.

आईचा एक नेम मात्र तिनं डोळे मिटून पाळला. प्रत्येक बाईला टोचण्याआधी सुईचं टोक स्वतःच्या डाव्या अंगठ्यावर टोचून बघायचं. आई म्हणायची, "आपल्याला दुखल्याबिगर दुसऱ्याला दुखवू ने." हातातल्या सुया जाऊन बॅटरीवरचं मशीन आलं तरी हा नेम राहिला. एक सुई दिवसभर चालायची. मधे हळदीच्या गरम पाण्यात बुचकळली की झाली स्वच्छ, अशी समजूत. यात तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला कुणी दुसरं सांगितलंच नव्हतं.

सांगितलं ते मोतीबिंदूनं.

दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यापुढं धुकं आलं. ऑपरेशनच्या आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. तिथल्या लॅबमध्ये ज्ञानदा नावाची मुलगी होती, चष्मा नाकावर घसरलेला, बोलायला गोड. तिनं चंद्रव्वाला स्टुलावर बसवलं.

"आजी, तुमच्या रक्तात कावीळ दिसतेय. सी प्रकारची."

"माजं डोळं पिवळं न्हाईत की."

"ही डोळ्यांत दिसत नाही. वीस-वीस वर्षं लिव्हरमध्ये गुपचूप बसते आणि आतून पोखरते. रक्तातून रक्तात जाते. तुम्हाला कधी रक्त चढवलंय? कुणाची वापरलेली सुई लागलीय?"

चंद्रव्वानं डावा अंगठा वर केला. त्याच्या पेरावर बारीक हिरव्या टिंबांची दाटी झाली होती, मोहरी सांडल्यासारखी.

ज्ञानदानं तो अंगठा हातात घेतला आणि चष्मा वर सरकवून बारकाईनं बघितला. मग तिनं ओरडा न करता समजावलं. एकीचं रक्त सुईवरून दुसरीत जातं. हळदीच्या पाण्यात बुचकळून ते मरत नाही. काजळीची एकच वाटी सगळ्यांना वापरली तर सुई नवी असूनही उपयोग नाही. कुणाला रंगाची खाज सुटते, कुणाची कातडी गाठीसारखी फुगते, साखरेच्या माणसाची जखम चिघळते. आणि गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करायचं नाही.

"आन माजं काय आता?"

"तीन महिने रोज गोळी. एकही चुकवायची नाही. बहुतेक सगळे बरे होतात."

चंद्रव्वानं एकही गोळी चुकवली नाही. बरी झाली, मग डोळ्याचं ऑपरेशनही झालं. पुन्हा मशीन हातात घेतलं ते हातमोजे घालून. प्रत्येकीला बंद पाकिटातली नवी सुई, काजळीच्या जागी बाटलीतली शाई, तीही बाटलीच्या टोपणाएवढ्या भांड्यात एकेकीपुरती, उरली की फेकून द्यायची. अंगठ्यावर टोचणं बंद. शेजारच्या रंगीत दिव्यांच्या टॅटूवाल्यानं तिच्या जागेला 'चंद्रव्वाचा दवाखाना' असं नाव पाडलं. ती म्हणाली, "व्हय की. तुज्याकडनं गोंदून माज्या दवाखान्यात यायला लागू ने, एवढं बघ."

एक गोष्ट मात्र तिच्या मनातून जाईना. मागच्या बत्तीस वर्षांतल्या बायांचं काय? जत्रेतल्या वाटसरू बायांना शोधणार कुठं? पण एक घर तिला पक्कं ठाऊक होतं. अक्कलकोटकडची सिद्धेश्वरी. चार जावांत थोरली, मोठ्या खटल्याची कारभारीण. घरात नवी सून आली की पुढच्या गड्ड्याला तिला घेऊन यायची. त्या घराची रीत अशी, की आधी सिद्धेश्वरीच्या मनगटावर एक ठिपका, मग त्याच सुईनं सुनेला तुळस. 'एक सुई, एक घर,' असं ती अभिमानानं म्हणायची. तीन जावा आणि दोन सुना झाल्या होत्या, तिच्या मनगटावर पाच ठिपके ओळीनं बसले होते. पाचही चंद्रव्वाच्या हातचे. दुखण्यानंतर ती आली नव्हती; यंदा नवी सून घेऊन येणार असा निरोप होता.

"गप ऱ्हा," संगप्पानं जत्रेआधीच बजावलं होतं. "नवी सुई वापरतीस न्हवं? झालं तर. जुनं उकरून काडलंस तर ती बाई चार गावांत सांगंल, चंद्रव्वानं रोग दिला म्हणून. बत्तीस वर्सांचं नाव मातीत जाईल."

"आन त्यांच्यातली कोण आतनं पोखरत असली तर?"

संगप्पा भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत नुसताच फिरवत राहिला.

जत्रेतला अक्षतांचा सोहळा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धेश्वरी आली. इरकल साडी, मागं दोन जावा, आणि नवी सून चेतना. बी.कॉम. झालेली, खांद्याला पर्स, नजर चौकस.

"बर्री अक्का, कूड्री," चंद्रव्वानं कानडीत स्वागत करून सतरंजी सरकवली.

"बसती की. पर आधी माजा ठिपका घाल. सावा." सिद्धेश्वरीनं मनगट पुढं केलं.

चंद्रव्वानं आधी सुनेकडं बघितलं. "पोरी, तुला पाहिजे का? सासूकडं नगं बघू. मला सांग."

"पाहिजे," चेतना म्हणाली. "माझ्या आजीच्या हातावर तुळस होती. मला तशीच हवीय. फक्त..." तिनं सासूकडं बघितलं आणि बोलून टाकलं, "सुई तीच वापरणार का?"

"तीच की!" सिद्धेश्वरी म्हणाली. "एक सुई, एक घर."

आता गप्प राहणं सोपं होतं. नवं पाकीट हळूच फोडायचं, आणि हातांनी आड करून मधेच सुई बदलायची. कुणाला कळलंही नसतं. संगप्पा तोंड फिरवून बसला होता, पण त्याचे कान इकडंच होते.

चंद्रव्वानं मशीन खाली ठेवलं.

"अक्का, सुई आता एक नसती. आन का नसती ते ऐका." तिनं डावा अंगठा दाखवला. मोतीबिंदू, रक्त, ज्ञानदा, गोळ्या, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, खाली पाडलाही नाही. "मी बरी झाले. पर तुमच्या घरातल्या सा बायकांना मी एकाच सुईनं जोडलंय. तुमी समद्या जणी रक्त तपासून घ्या. दवाखान्यात ज्ञानदा म्हणून पोरगी हाय, माजं नाव सांगा."

आकाशपाळण्यावरची पोरं किंचाळत होती. सतरंजीवर धाकटी जाऊ उसळली, "म्हंजी? आमाला रोग लावलास तू? वर तोंड करून सांगतीस?"

"लावला असंल. ठावं न्हाय. म्हणून तर सांगतीया."

सिद्धेश्वरी पदर सावरून उठली आणि चालू लागली. जावा मागोमाग. चेतना क्षणभर घुटमळली, चंद्रव्वाकडं बघून मान डोलावली, आणि तीही गेली.

शेजारच्या टॅटूवाल्यानं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या मैदानाला कळलं. पुढचे चार दिवस गिऱ्हाईक रोडावलं. ज्या बाया येत त्या आधी लांबून बघत, आपसात कुजबुजत. संगप्पा एकदाही 'मी म्हटलं होतं' म्हणाला नाही. त्यानं एवढंच केलं, की नव्या सुयांच्या पाकिटांची रास मागच्या पिशवीतून काढून समोर सतरंजीवर मांडली. सुईला घाबरणारा माणूस, पण एकेक पाकीट सरळ ओळीत लावलं, येणाऱ्याला दिसेल असं. पाचव्या दिवशी चेतनाच्या वयाच्या तीन मुली त्या ओळीपुढं थांबल्या, पाकिटावरची तारीख वाचली आणि बसल्या.

जत्रा उठायला दोन दिवस होते तेव्हा सिद्धेश्वरी परत आली. बरोबर फक्त चेतना. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"पाच जणी चांगल्या निघाल्या," ती बसता बसता म्हणाली. चंद्रव्वानं श्वास सोडला. "सावी मी. माज्या रक्तात हाय."

चंद्रव्वा हात जोडायला गेली, तर सिद्धेश्वरीनं ते हात धरले.

"थांब. त्या ज्ञानदाला मी इचारलं, हे चंद्रव्वानं दिलं का? ती म्हणली, सांगता येत न्हाय. दुसऱ्या बाळंतपणात मला रक्त चढवलं हुतं, तवाचंबी असंल. मग घरी जाऊन मी इचार केला. दरवेळी पयला हात कुणाचा? माजा. सुई आधी माज्यात जायाची, मग सुनंच्या आधी तुज्या अंगठ्यात. मग काय सांगावं, म्याच तुला दिलं असंल."

"अक्का, असं नगा म्हणू."

"म्हणू दे की. मानाचा हात हुता न्हवं माजा?" सिद्धेश्वरी हसली, पण डोळे भरले होते. "लिव्हर अजून धड हाय म्हणली. गोळ्या सुरू झाल्या. तू गप बसली असतीस तर मला कळलं असतं कवा? पोट फुगल्यावर."

"मी डबीत वार लिहून गोळ्या लावून दिल्यात," चेतना म्हणाली. "आत्याबाई एक चुकवायला बघतील तर मी आहे."

"बघ, आत्तापास्नं सासू झाली माजी." सिद्धेश्वरीनं डोळे पुसले. "आता हिची तुळस घाल. रीत मोडायची न्हाय."

"पर तुमचा ठिपका..."

"मला न्हाय टोचायचं आता. बरी हुईस्तवर तरी न्हाय. पर मान सोडणार न्हाय मी." तिनं सतरंजीवरच्या ओळीतलं एक पाकीट उचललं, डोळ्यांजवळ नेऊन सील तपासलं, चेतनाकडून तारीख वाचून घेतली. "फुडनं आमच्या घरात नव्या सुनंच्या सुईचं पाकीट थोरलीनं फोडायचं. आपल्या हातानं. समद्यांच्या देखत."

चंद्रव्वानं नवे हातमोजे चढवले. सिद्धेश्वरीनं पाकीट कडेनं टर्रकन फाडलं आणि सुईला बोट न लावता ते तिच्यापुढं धरलं. चंद्रव्वानं आतली सुई उचलली. सवयीनं तिचा डावा अंगठा पुढं आला. ती थांबली, अंगठा मुठीत मिटला, आणि सुई मशीनला बसवली.

मशीन घुरघुरू लागलं. संगप्पानं तोंड फिरवलं. चेतनानं दुसरा हात सासूच्या मनगटावर ठेवला, त्या पाच ठिपक्यांवर. आणि दुखण्यानंतर पहिल्यांदाच चंद्रव्वानं गोंदताना आईचं गाणं म्हणायला घेतलं. पहिल्या कडव्यालाच सिद्धेश्वरी त्यात सामील झाली, कारण तिलाही ते पाठ होतं. पाच वेळा ऐकलं होतं तिनं.