साडूची पाच घरांची वस्ती

माझ्या साडूइतका खुळा आणि भाग्याचा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही, हे मी आजही कुणालाही शपथेवर सांगेन. सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली आणि इकडं कापसाला असा भाव आला, की लोकांनी परसात, खळ्यात, वाटेच्या कडेलासुद्धा सरकी टोचली. नेमक्या त्याच हंगामात या गृहस्थानं अमरावतीच्या गाडीवाटेवरचं आपलं अर्धं शेत मोकळं सोडलं आणि तिथं गाव वसवायला घेतलं! मी त्याला वेड्यात काढलं, तर म्हणाला, "भाऊ, कापसाले भाव हाये, मंग मानसाले काहून नसावा?"

घर एकही नव्हतं, तरी आधी मारुती बसवला. मग कापसाचे गाडीवाले पाण्याला थांबू लागले, एक लोहार राहिला, एक माळी राहिला, करता करता पाच घरं झाली. सरकारी कागदात ती आमच्याच मौज्यात मोडत. पण साडू येईल त्या पाहुण्याला बोट धरून वस्तीची शीव दाखवी. पूर्वेला नाला, उत्तरेला बाभूळ, दक्षिणेला मारुती. आणि पश्चिमेला काय, असं विचारलं की म्हणे, "थे अजून वसून राह्यलं."

मला हसू यायचं आणि पोटातही दुखायचं. आमच्या गावात पोळ्याला पाटलाची जोडी तोरणाखालून पहिली जाते. माझी विसावी; आजाच्या काळापासून विसावीच. साडूनं वस्तीवर स्वतःचं तोरण बांधलं आणि त्याची शिंग मोडलेली म्हातारी जोडी वाजतगाजत पहिली गेली! मला पुरणपोळी गोड लागेना. शेवटी मीच पाटलाच्या कानावर घातलं, की एका मौज्यात दोन तोरणं झाली, उद्या दोन पाटीलही होतील.

पुढच्या वर्षी पाटलानं वस्तीचं तोरण बंद केलं. साडू पाचही घरांचे बैल सजवून गावात आला आणि रांगेत नेमका माझ्या मागं उभा राहिला. आता जीव थंड होईल, असं मला वाटलं होतं. तो माझ्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "बरं झालं भाऊ, तुमच्यामागं जागा भेटली. मी घरूनच सांगून आलो सगळ्यायले, आपल्या मानसापाशी उभं राहू."

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाटलाला कुणी सांगितलं, हे त्यानं मला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी खोटं बोलून मोकळा तरी झालो असतो.