सांगून चोरी करणारे मास्तर

नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी मास्तर हातात एक सीडी धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "पोरांनो, तुमाला जे शिकवणार ते सगळं हिच्यात हाय. आन ही चोरीची हाय. माहीत असू द्या." समोर गावागावांतून एसटीनं आलेली पोरं-पोरी एकमेकांकडे बघायची. मग मास्तर सीडी आत सरकवायचे आणि शिकवायला लागायचे.

जुन्नरच्या स्टँडमागे त्यांचा कॉम्प्युटर क्लास आणि माझं झेरॉक्सचं दुकान, मधे नुसती पत्र्याची भिंत. त्यामुळे हे भाषण मला दर बॅचला फुकटात ऐकू यायचं आणि दर वेळी माझं डोकं फिरायचं. अहो, तेव्हा अख्ख्या तालुक्यात विकत घेतलेलं सॉफ्टवेअर होतं कुणाकडे? पुण्याला जायचं, फुटपाथवरून सीडी आणायची आणि गप्प बसायचं, हीच रीत. एकदा मी म्हणालोच, "मास्तर, करायची ती करा, वर दवंडी कशाला पिटता?"

"भाऊ, खरी घ्यायला गेलो तर कॉम्प्युटर इकून सीडी आणावी लागंल. मंग पोरं शिकणार कशावर? म्हणून मी चोरतो. पण पोरांना चोरी शिकवत न्हाई. उद्या ऐपत आली तर इकत घ्यावं, एवढं त्यांच्या डोक्यात राह्यलं म्हंजी झालं."

"आणि नाही राहिलं तर?"

"तर माझं शिकवणं कच्चं."

अशा माणसाशी काय डोंबल वाद घालणार! मी स्वतः गाईडंच्या गाईडं झेरॉक्स करून पोट भरणारा. मला त्यात कधी पाप दिसलं नव्हतं.

मास्तर मूळचे आळे गावचे. बाजारपेठेतले लोक दसऱ्याला यंत्रांची पूजा करायचे. मास्तर चौदा एप्रिलला क्लास बंद ठेवून सगळे कीबोर्ड उलटे करून झाडायचे, कापसाच्या बोळ्यानं एकेक बटण पुसायचे. माझ्या मशीनवरची काळी पावडरही कितीदा त्यांनी न सांगता पुसली. "भाऊ, जे आपल्याला खाऊ घालतं त्याचं तोंड तरी धुवा," म्हणायचे. मी नुसता हसायचो.

पुढे गावात एका मोठ्या संस्थेचा गारगार एसी क्लास निघाला आणि मास्तरांच्या क्लासची पोरं तिकडे गेली. तेव्हा त्यांनी शाळांसाठी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. गुण भरले की निकालपत्रकं मराठीत छापून मिळणार. त्यासाठीचं जाडजूड पुस्तक मीच झेरॉक्स करून दिलं होतं. दोन वर्षं ते त्यात बुडाले होते. जुन्नरच्या तीन शाळांनी प्रोग्रॅम विकत घेतला, तेव्हा वहिनींनी मला वाटीभर शेवयांची खीर पाठवली. "अजून धा शाळा मिळाल्या तर क्लास राहतो, न्हाई तर कंपनीत जायचं," मास्तर म्हणाले.

आता माझं सांगतो. माझे मेहुणे शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, घोडेगावकडच्या एका शाळेत कारकून. लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनाला आले आणि दुपारी दुकानात टेकले. बोलता बोलता मी प्रोग्रॅमचं कौतुक केलं. "राव, आमालाबी द्या की एक," मेहुणे म्हणाले. मास्तर जेवायला गेलेले, क्लासची किल्ली माझ्याकडे. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? आत गेलो आणि फ्लॉपीवर कॉपी करून दिली. चहा निवायच्या आत काम झालं.

त्यानंतर मास्तर आंबेगाव तालुक्यात ज्या शाळेत जातील तिथे एकच उत्तर मिळायला लागलं, "आहे की आमच्याकडं." एका ठिकाणी तर त्यांना त्यांचाच प्रोग्रॅम चालवून दाखवला. संध्याकाळी येऊन ते माझ्या स्टुलावर बसले. "कुणी केलं आसंल हो?" एवढंच म्हणाले. मी कागद सारखे करत राहिलो. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा भीतीच जास्त वाटली.

एप्रिल संपत आला आणि एका सकाळी मास्तर धावतच दुकानात आले. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली होती. एकदा 'गैरहजर' भरलं की त्या मुलाची चाचणी मागाहून घेतली तरी ते गुण प्रोग्रॅम धरायचाच नाही, शून्य मांडायचा. "आपल्या तीन शाळांत मी आजच दुरुस्त करतो. पण भाऊ, पश्चिमेच्या डोंगरात भातलावणीत पहिल्या चाचणीला निम्मी पोरं नसत्यात. एक तारखेला निकाल. पोरं फुकट नापास व्हतील! मी गेलो त्या शाळा ठाऊक हायेत, पण आणखी कुठं कुठं गेलाय प्रोग्रॅम, कसं कळायचं?"

मी म्हणालो, "मास्तर, पहिली कॉपी मी दिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "स्कूटर काढा."

दोन दिवस आम्ही फिरलो. मेहुण्यांनी आणखी दोन शाळांची नावं सांगितली, त्या शाळांनी अजून तीन शाळांची. सगळीकडे मास्तर दुरुस्ती करायचे आणि पाणी पिऊन निघायचे. शेवटची शाळा डिंभे धरणाच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. तिथला कारकून घाबरला. आम्ही धाड घालायला आलोय असंच त्याला वाटलं. "आमच्याकडं न्हाई असलं काही," म्हणत तो दाराला कुलूप घालायला लागला.

मास्तर म्हणाले, "अहो, शाळांना हा फुकटच हाय. मीच वाटलाय सगळीकडं. दुरुस्त करून द्यायचा राह्यला, म्हणून आलो."

या माणसाच्या तोंडून मी तोवर एक खोटा शब्द ऐकला नव्हता.

कारकुनानं दार उघडलं. चौदा पोरं नापास दाखवली होती. दुरुस्तीनंतर त्यातली अकरा पास झाली. कारकून खूश होऊन म्हणाला, "साहेब, फुकट हाय म्हणता, तर आजूबाजूला सांगतो!" मास्तर म्हणाले, "सांगा."

त्यानं सांगितलं. मग विकत कोण घेणार? जूनमध्ये मास्तरांनी क्लास मोडला आणि चाकणला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी धरली. टेम्पोत सामान चढवायला मी गेलो होतो. वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. शेवटी मला राहवलं नाही. भर रस्त्यात मास्तरांचे हात धरून म्हणालो, "मास्तर, शिव्या तरी द्या हो! तुमचा क्लास मी बुडवला."

मास्तर टेम्पोत बसले, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून म्हणाले, "भाऊ, एकदा इचारायचं व्हतं. पावण्यांची शाळा म्हणून मी दिला असता."

दिला असता. मला ते पक्कं माहीत आहे.