बांधाच्या पोटातली फॉक्स टेरिअर

रविवार, संध्याकाळ : बिळे बुजवण्याची पूर्वसूचना देवळावरच्या भोंग्यातून द्यावी असे ग्रामपंचायतीच्या ठरावात स्पष्ट नमूद असताना ती दिली गेली नाही. जबाबदार, ग्रामसेवक. सोमवार, दुपार : ओढ्याकाठच्या बांधावरील लहानमोठे प्रत्येक छिद्र, आत काय आहे याची खातरजमा न करता, दगड-चिखलाने बंद करण्यात आले. जबाबदार, कंत्राटदार. मंगळवार, सकाळ : त्याच बांधावर विषारी वायूच्या गोळ्यांचा डबा उघडण्यात आला. जबाबदार, या कामावर देखरेख करण्याचे लेखी मान्य करून त्या दिवशी कड्याच्या बाजाराला निघून गेलेले सरपंच.

आमच्या भागात उंदरांचा बंदोबस्त दोन दिवस चालतो. पहिल्या दिवशी सगळी बिळे बुजवायची. दुसऱ्या दिवशी जे बीळ आतून उकरलेले दिसेल ते जिवंत समजायचे आणि त्यात गोळी टाकून तोंड लिंपायचे. पद्धत योग्य आहे. मात्र उकरणारा उंदीरच असेल, असे ती गृहीत धरते.

माझा मेहुणा सैन्यातून निवृत्त होऊन शेजारच्या मळ्यात राहतो. गेल्या वर्षी त्याने पुण्याहून फॉक्स टेरिअर जातीची कुत्री आणली. पांढरी, एका कानावर तपकिरी डाग, उंचीने माझ्या गुडघ्यालाही न पोचणारी. न्यायालयात नाझर म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला पुराव्याशिवाय काही पटत नाही. मी विचारले, हिचा उपयोग काय?

त्याने तिच्या छातीभोवती दोन्ही पंजे लावले. बोटांना बोटे टेकली.

"दाजी, छाती ह्येच्यापरीस मोठी झाली की बिळात अडकती. विलायतेतल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या अशीच मापं घेऊन ही जात घडवली."

मग त्याने मला त्या जातीची हकिगत सांगितली. तिकडे घोड्यांवरून कोल्ह्याची शिकार चाले. मोठे शिकारी कुत्रे मोकळ्या रानात धावत. कोल्हा जमिनीत शिरला की ते हताश. तिथे ही लागे. टेरिअर या शब्दाच्या मुळाशीच माती आहे. रंग पांढरा ठेवला, तो बिळातून बाहेर पडताना मोठ्या कुत्र्यांनी तिलाच कोल्हा समजून फाडू नये म्हणून. शेपूट मुळाशी जाड ठेवली, ओढून काढताना हाताला धरायला काही असावे म्हणून. आणि स्वभाव असा निवडला की हिने आत जाऊन मारायचे नाही, पळायचेही नाही. समोरच्याला कोपऱ्यात धरून भुंकत राहायचे, वरच्या माणसांना खणायची जागा कळेपर्यंत. मी हे सारे ऐकून घेतले. खरे सांगायचे तर निम्मे मला फुशारकी वाटले.

सोमवारी दुपारी मेहुण्याच्या मळ्यात ऊसतोड चालू असताना ती कशाच्या तरी मागे सुसाट गेली, ती परतली नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत ओढा, रस्ता, विहिरी पाहिल्या. बांधाकडे पाहिले, पण बांध सगळा लिंपलेला होता, म्हणून पुढे गेलो.

मंगळवारी उजाडताच पुन्हा निघालो, तेव्हा कंत्राटदाराचा मुकादम बांधावर उभा होता. एका मोठ्या बिळाच्या तोंडचा चिखल आतून ढासळून बोटभर फट पडली होती.

"हे जिवंत हाय बे, डबा आण," तो मजुराला म्हणाला. मला पाहून हसला; आमच्या ठेंगण्या कुत्रीला तो मांजरच म्हणे. "या नाझरसाहेब, तुमचं मांजर घावलं का?"

डब्याचे झाकण निघाले आणि त्याच क्षणी जमिनीच्या आतून भुंकण्याचा आवाज आला. एकेक, सावकाश, सारख्या अंतराने. विव्हळणे नव्हते ते. मेहुणा बिळाच्या तोंडावर आडवाच झाला.

"झाकण लावा," मी म्हणालो. "हा गुन्हा आहे, आणि साक्षीदार मी आहे."

"आमाला काय ठाव साहेब, आत कुत्रं हाय म्हून," मुकादमाचा चेहरा उतरला होता. "लावलं बगा झाकण."

मेहुण्याने बांधावर जागोजागी कान टेकला आणि बिळाच्या तोंडापासून बऱ्याच अंतरावर टाचेने खूण केली. "हितून वरून खणा. ती जागा सोडायची न्हाई."

"रातभर कोंडलेलं जनावर जागा सोडत न्हाई?" मुकादमाने विचारले, आणि पहिला टिकाव त्यानेच घातला.

ऊन वर आले. घाव जवळ जात होते, डोक्यावरची माती हादरत होती, तरी तो आवाज तसूभर सरकला नाही. मी आयुष्यात अनेकांना शपथेवर उभे राहिलेले पाहिले आहे. इतके ठाम कोणी पाहिले नाही. शेवटी माती खचली आणि चिखलाने काळी झालेली शेपूट दिसली. मेहुण्याने ती मुळाशी धरून तिला अलगद वर ओढले. ती होती तिच्या समोर, पोकळीच्या टोकाला, एक खोकड, म्हणजे आपल्याकडचा छोटा कोल्हा, आमच्याकडे पाहत होते. मग ते झेप घेऊन ओढ्याच्या दिशेने गेले, अंगावर ओरखडाही नसलेले.

तिचा कान फाटला होता, जीभ सुजली होती. पाणी पुढे केले. तिने आधी वळून त्या रिकाम्या खड्ड्यात नाक घातले, कोणी उरले नाही याची खात्री केली आणि मग प्यायली.

"लई खमकं जनावर हाय," मुकादम हळूच म्हणाला. मला वाटते, तो नमस्कारच होता.

सरपंच मात्र चहाच्या टपरीवर म्हणाले, "एका कुत्रीपायी नाझरसाहेब गाव उठवायलेत." हो, उठवतो आहे. मुकादमाचा हात क्षणभर आधी चालला असता, तर आपले काम सोडून न पळालेला एक जीव आणि कायद्याने संरक्षित असलेला दुसरा, असे दोन्ही त्या बांधातच गुदमरले असते. आणि गोळ्यांचे काम ओढ्याच्या पलीकडे आजही चालू आहे, तेही सूचनेशिवाय.

मला घरपोच लेखी खुलासा नको. येत्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी सर्वांसमोर उभे राहून सांगावे : भोंगा का वाजला नाही, आणि तो न वाजवण्यास कोणी सांगितले? सरपंचांनी त्यांच्या शेजारी उभे राहावे. उत्तर मिळेपर्यंत पलीकडच्या बांधावर एकही डबा उघडला जाऊ नये.