इटियाडोहच्या लाटा आणि सहा फिन

रत्नागिरीहून निघताना माझ्या पिशवीत दोन शर्ट, एक टॉवेल, माझं लाइफ जॅकेट आणि सहा फिन होती. फिन म्हणजे पॅडलबोर्डाच्या पोटाखाली, शेपटीकडे बसवायचं माशाच्या परासारखं पातं. बोर्डावर उभं राहायचं आणि लांब वल्ह्यानं पाणी मारत जायचं, असा हा खेळ. गेली अकरा वर्षं मी तो आमच्या किनाऱ्यावर शिकवतो. फिन चुकीचं असेल तर लाटांमध्ये बोर्ड तुमचं ऐकत नाही, हे मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं आहे. ते सांगायला गोंदिया जिल्ह्यात जावं लागेल असं वाटलं नव्हतं. गोंदियाहून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र फार लांब पडतो.

पण माझी मोठी बहीण तिथे राहते. टेकचंदभावजी तरुणपणी दापोलीला शेती शिकायला आले होते. परत जाताना ते शिक्षण आणि आमची ताई, दोन्ही घेऊन गेले. या गोष्टीला तीस वर्षं झाली. त्यांची धानाची शेती इटियाडोह धरणाच्या पाण्याला लागून आहे. मागच्या दिवाळीत ताई माहेरी आली, माझ्या बोर्डावर चार दिवस उभी राहिली आणि जाताना हवा भरायचा एक बोर्ड विकत घेऊन गेली. वय चौपन्न. माहेरचा समुद्र आठवत असेल, असं मनाशी ठरवून टाकलं.

माघात तिचा फोन आला. "दुपारी वारा सुटला की इथे लाटा उठतात. बोर्ड वळत नाही, मी पडते. तू कधी येतोस, विनू?"

"येतो की. बघतो."

"बघतो काऊन?" ती म्हणाली. रागावली की ती तिकडचं बोलते, 'का'चं 'काऊन' होतं. मी तिकीट काढलं.

कोल्हापूरपर्यंत एसटी आणि तिथून थेट गोंदियाची गाडी. नागपूरनंतर डबा भरला. कचारगडच्या गोंडी यात्रेला निघालेली मंडळी पिवळे झेंडे घेऊन चढली. माझ्या शेजारी बैतूलकडचे एक म्हातारे बाबा बसले. पिशवीतून बाहेर आलेलं दहा इंची फिन त्यांनी उचललं, अंगठ्यानं कड तपासली.

"ये हल का फाल है क्या?"

मी म्हटलं, नाही, पाण्यात चालवायच्या फळीखाली लावतात.

"पानी में जोतते हो?"

"थोडंफार तसंच."

त्यांनी मान हलवली आणि फिन परत दिलं. "घिस जाए तो धार लगवा लेना." मी हो म्हटलं. फिनला धार लागली तर माणसाचा पाय कापतो, हे त्यांना समजावण्याइतकं माझं हिंदी चांगलं नाही.

गोंदिया स्टेशनवर मराठीत चहा मागितला, चहा हिंदीत मिळाला. तिथून अर्जुनीची पॅसेंजर. खिडकीतून नुकती रोवणी झालेला उन्हाळी धान दिसत होता, मधूनमधून तलाव आणि त्यांच्या पाळीवर बसलेले बगळे. अर्जुनीला भावजी मोटारसायकल घेऊन उभे होते. भावजी मितभाषी. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"सहा आनले म्हने?"

"सहा."

"बोर्ड तं एकच आहे."

एवढंच बोलून त्यांनी गाडी सुरू केली.

घरी पोचलो तेव्हा ताई चुलीपाशी होती. "आज पोपट केलाय," म्हणाली. मी दचकलो नाही. तिकडे पोपट म्हणजे वालाचे कोवळे दाणे. भात, पोपटाची भाजी, जवसाची चटणी. तिसऱ्यांदा भात वाढून झाल्यावर भावजींनी घरातला नवा कायदा मला सांगितला. ताईला आजवर दोन वेळा कोळ्यांनी बोर्डासकट डोंग्याला, म्हणजे लहान लाकडी होडीला, बांधून ओढत काठाला आणलं होतं. तिसऱ्यांदा ओढून आणावं लागलं, तर बोर्ड माळ्यावर धानाच्या पोत्यांमागे जाईल आणि तिथंच राहील.

ताईनं मला आणखी भाजी वाढली.

सकाळी मी बोर्ड उलटा करून तपासला. मध्ये एक लांब खाच असते, तिच्यात मधलं फिन स्क्रूनं बसतं. पुढे सरकवलं की बोर्ड चटकन वळतो, मागे सरकवलं की सरळ धावतो. मधल्याच्या दोन बाजूंना छोटी फिन लावायची सोय होती. ताईनं बोर्डाबरोबर आलेलं फिन लावलं होतं, आठ इंची, बऱ्यापैकी उभं. मी विचार केला, बाई चौपन्न वर्षांची, पाणी वाऱ्याचं, हिला स्थैर्य हवं. खोल फिन पाणी घट्ट धरतं, बोर्ड डुलत नाही. मी दहा इंची काढलं आणि खाचेत अगदी मागे बसवलं.

"याच्यानं वळेल का?" ताईनं विचारलं.

"आधी पडायचं थांबू दे," मी म्हटलं. "वळणं नंतर."

अकराच्या सुमारास वारा सुटला. आमच्या काठाकडून वारा आत वाहतो, त्यामुळे काठाजवळ पाणी शांत आणि पुढे जावं तशा लाटा वाढत जातात. समुद्राच्या लाटेला लांबी असते, दोन लाटांमध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो. इथल्या लाटा गुडघ्याएवढ्याच, पण एकीच्या पाठीवर दुसरी. आधी मी जाऊन दाखवतो, असं म्हणून मी बोर्डावर चढलो. लाइफ जॅकेट घातलं होतं, ही मी त्या दिवशी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट.

बोर्ड सुरेख सरळ निघाला. काठावर ताई आणि भावजी उभे होते, मी वल्हं उंचावून दाखवलं. मग मागून लाट आली, तिनं उचललं, आणि बोर्ड आणखी सरळ निघाला. फिनला पाणगवत अडकायला लागलं होतं, ते मला पायाला जाणवत होतं. समोर पाण्याबाहेर काळी ठुठं दिसली. ठुठं म्हणजे धरण भरलं तेव्हा बुडालेल्या झाडांचे उरलेले बुंधे. मी वळायचा प्रयत्न केला. शेपूट जागची हलेना. दहा इंची फिन, वर गवताची पेंढी, मागे लाट. मी पूर्ण स्थैर्यानं जाऊन ठुठावर आदळलो.

फिन मुळाशी तुटलं. मी पुढे उडालो, गुडघा बुंध्यावर आपटला. पुन्हा बोर्डावर चढलो खरा, पण फिनशिवाय बोर्ड वाऱ्यात ताटलीसारखा गोल फिरतो, आणि गुडघा टेकवत नव्हता. थोड्या वेळानं सुखराम नावाचा कोळी डोंगा घेऊन आला. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही, बोर्डाला दोरी बांधली. या कामाची त्याला सवय होती.

काठावर उतरलो. भावजींनी दोरी सोडली.

"तीन झाले," ते म्हणाले.

"पण या वेळी मी होतो."

"बोर्ड तोच आहे."

त्यांनी हवा काढली, घडी घातली आणि बोर्ड खांद्यावर टाकून घराकडे निघाले. घरी ताईनं माझ्या गुडघ्याला हळद लावली, जरा जास्त जोरात.

"दीड दिवसाचा प्रवास करून येऊन माझा बोर्ड माळ्यावर घातलास," ती म्हणाली. लहानपणी तिची सायकल मी विहिरीत पाडली होती, त्यानंतर प्रथमच मला इतकी लाज वाटली.

दुपारी सुखराम पाण्यात वाहून गेलेलं माझं वल्हं परत द्यायला आला. ताईनं त्याला चहा दिला आणि माझ्याऐवजी त्यालाच विचारायला बसली. ठुठं कुठून कुठपर्यंत आहेत, गवत कुठे जास्त, वारा दुपारी कसा फिरतो.

"तुमाले जाचं कोठं आहे बाई?" त्यानं विचारलं. "काठाकाठानंच फिराचं असन तं लाटेत कायले जाता?"

"बेटावर," ताई म्हणाली. "पळसाच्या."

मला कळेना. सुखरामनं मला समजावलं. ठुठांच्या पलीकडे पाण्यात एक उंचवटा आहे. धरणाआधी ती टेकडी होती. तिच्यावर पळसाची झाडं आहेत.

"सरळ गेले का ठुठावर जाता," तो म्हणाला. "लाटेवरच डावीकडं घुमा लागते. मग फसत नाही."

म्हणजे ताईला स्थैर्य नको होतं. तिला धावत्या लाटेवर वळायचं होतं, आणि फोनवर पहिल्याच वाक्यात तिनं ते सांगितलंही होतं. मी पिशवी तिच्यापुढे उपडी केली. तिनं एकेक फिन हातात घेतलं. शेवटी सात इंची, मागे कोयत्यासारखं झुकलेलं निवडलं. झुकलेल्या कडेवरून गवत घसरून जातं, हे मी सांगायच्या आत तिनं ओळखलं होतं. दोन्ही बाजूंची छोटी फिनही घेतली. लाटेवर बोर्ड तिरका झाला की तीच पाणी धरतात.

भावजी दारात उभे राहून ऐकत होते.

"कायदा झाला ना," ते म्हणाले.

"ओढून विनूला आणलं," ताई म्हणाली. "शिक्षा त्याला करा."

भावजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले पोहता नाही येत. दोनदा ही पान्यात पडली, दोनदा मी काठावर उभा. सुखराम पोचेपर्यंत का करावं मानसानं?"

तीस वर्षं पाण्याच्या काठी शेती केलेला माणूस. हे मला माहीत नव्हतं. ताईला होतं, तिची मान खाली गेली. सुखरामनं चहाची कपबशी खाली ठेवली.

"मंग डोंग्यात बसा जी," तो म्हणाला. "तिच्या मांगं मांगं जाऊ."

दुसऱ्या दिवशी भावजींनीच बोर्ड माळ्यावरून काढून दिला. ताईचं लाइफ जॅकेट ताईनं, माझं भावजींनी घातलं आणि ते डोंग्याच्या मधोमध, दोन्ही कडा धरून बसले. मी गुडघ्यामुळे काठावर. फिन मी खाचेत बरंच पुढे लावलं होतं. ताई काठाजवळ दोन फेऱ्या मारून आली. "शेपूट फार सुटते. जरा मागे घे." दोन बोटं मागे घेतलं. पुन्हा एक फेरी. "राहू दे आता."

मग ती निघाली. पहिल्या लाटेत गुडघ्यावर बसली, दुसरीत उभी. एका लाटेनं तिला उचललं आणि बोर्ड धावू लागला, थेट ठुठांच्या दिशेनं. डोंग्यात भावजी अर्धे उठले, सुखरामनं त्यांना खाली बसवलं. ताईनं एक पाऊल मागे घेतलं, वल्हं डावीकडे रोवलं आणि बोर्ड वळला. बाजूचं फिन पाण्यात रुतलेलं मला एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, पण बोर्ड घसरला नाही. ठुठं तिच्या उजवीकडून मागे गेली. पुढच्या लाटेवर ती पडली. चढली. पुन्हा उभी राहिली. मग ती लहान होत गेली आणि बेटाच्या काठाला एक ठिपका उतरला. थोड्या वेळानं डोंगाही तिथे लागला आणि दोन ठिपके वर चढले.

मी काठावर तासभर बसलो. या तासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही, मात्र भावजी दोनदा कसे उभे राहिले असतील ते मला नीट समजलं.

परत येताना वारा समोरून होता आणि लहान फिनवर वाऱ्याविरुद्ध वल्हवणं हा शहाणपणा नव्हे. ताई डोंग्यात भावजींशेजारी बसून आली, बोर्ड मागे दोरीला.

"हे ओढनं धराचं नाही," भावजी उतरताना म्हणाले. त्यांची पँट कमरेपर्यंत भिजली होती.

संध्याकाळी अंगणात बसलो असताना मी ताईला म्हटलं, मला वाटलं होतं, तुला समुद्राची आठवण येते म्हणून हे सगळं.

तिला हसू आलं. "समुद्र आठवला असता तर मी रत्नागिरीला आले असते. रोवणीला वाकलं की समोर ते बेट दिसतं. तीस वर्षं दर फाल्गुनात ते लाल होताना बघते. तिथे काय आहे ते बघायचं होतं."

"मग काय आहे?"

"पळस आहे. कळ्या धरल्यात. मुंग्या फार आहेत. हे म्हणाले, फुलल्यावर पुन्हा जाऊ."

चौथ्या दिवशी निघालो, लाइफ जॅकेट भावजींना ठेवून. पिशवीत दोनच फिन उरली होती, तीन ताईच्या बोर्डाला आणि एक तुटलेलं. गाडीत मी हिशेब करत बसलो, की तीस वर्षांत मी ताईच्या घरी किती वेळा आलो, आणि तिच्या शेतातून समोर काय दिसतं ते एकदाही का पाहिलं नाही. मी यायचो, जेवायचो, तिला इथे करमत नसेल असं समजून तिच्यासाठी वाईट वाटून घ्यायचो आणि परत जायचो. ती तिथे राहत होती, आणि मी तिला अजून आमच्याच किनाऱ्यावर धरून होतो.

घरी पोचल्यावर आठवडाभरानं फोटो आला. पळस पूर्ण फुललेला, खाली भावजी. लाइफ जॅकेट त्यांनी बेटावरही काढलेलं नाही.