दाखूबाईंचा साधा डोसा

यजमान पारसमल शेठ वारल्यापासून दाखूबाईंनी स्वतःची म्हणावी अशी एकच हौस ठेवली होती. दर शनिवारी अकरा वाजता सून हीनाला घेऊन नंदुरबारच्या बाजारात रूपचंदकडे जायचं आणि डोसा खायचा. दारावरच पाटी होती, ‘जैन डोसा मिळेल’. आत बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी. जमिनीखाली पिकलेलं काहीही दाखूबाईंनी पासष्ट वर्षांत तोंडात घातलं नव्हतं, आणि ही भाजी त्यांना इतकी आवडायची की जैन स्थानकात प्रवचनाला भेटेल त्या बाईला त्या रूपचंदचा पत्ता द्यायच्या.

दोन वर्षांनी एका शनिवारी त्या हात धुवायला मागे गेल्या. बटाट्याच्या सालींचा ढीग पडलेला, आणि शेजारी पिवळ्या भाजीचं एकच पातेलं. धुडकू आचारी त्यातूनच प्रत्येक डोशात डावभर भाजी घालत होता.

“केळानी भाजी कोनती?” दाखूबाईंनी विचारलं.

धुडकू नवा होता, साधा होता. “एकच भाजी शे, माय. शेठ म्हने, जैन लोकेस्ले बटाटानी चव कोठे माहीत शे.”

दाखूबाई हात न धुताच बाहेर आल्या. घरी येऊन दोन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. हीनाला वाटलं, व्रत मोडल्याचं दुःख असेल. ते होतंच. पण त्यांना खरं जाळत होतं ते वेगळंच: आपण मिटक्या मारत खात होतो, आणि तो माणूस गल्ल्यावर बसून हसत होता.

तिसऱ्या दिवशी अकराला त्या एकट्याच गेल्या. दाराजवळच्या टेबलावर बसल्या, साधा डोसा मागवला, आणि त्याला बोटही लावलं नाही. ओळखीचं कोणी आत आलं की आवाज न चढवता सांगायच्या, “मी दोन वर्षं इथं जैन डोसा खाल्ला. बटाटा निघाला.” मग पुन्हा हात मांडीवर ठेवून बसायच्या. दोन वाजेपर्यंत. रोज.

रूपचंद पहिल्या आठवड्यात हसला. दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाइकांना म्हणाला, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण गिऱ्हाइकं मागे जाऊन पातेल्यात डोकावू लागली. त्याने पाटी काढली, तरी दाखूबाई हलल्या नाहीत. पुढे बिगरजैन लोकही येईनासे झाले. एका ताटात खोटं बोलणारा दुसऱ्यात कशावरून खरं बोलेल, असं लोक म्हणू लागले. रिकामी टेबलं मोजताना दाखूबाईंना गोड झोप लागावी तसं शांत वाटायचं.

संवत्सरी आली. वर्षभरात दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागायचा आणि मागेल त्याला ती द्यायचा दिवस. सकाळपासून दाखूबाई शेजारणींना, सुनेला, भांडी घासणाऱ्या भुरीबाईला हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम’ म्हणत होत्या. दुपारी रूपचंद दारात उभा राहिला. कोणीतरी शिकवून पाठवलं होतं.

“मिच्छामि दुक्कडम, माय,” तो म्हणाला. “मन्ही चुकी व्हयनी.”

हीना सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. दाखूबाईंनी जोडलेले हात सोडले.

“माले तो आवडना व्हता, रूपचंद. बोटं चाटी चाटी खादा मी. तेन्ही माफी कशी दिऊ?”

तो खाली मान घालून गेला. हीना हळूच म्हणाली, “मम्मीजी, आजच्या दिवशी तरी...” पाप लागेल हे दाखूबाईंनाही ठाऊक होतं. “लागू दे,” त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी अकराला टेबलावर जाऊन बसल्या.

दिवाळीआधी रूपचंदने दुकान सोडलं. तिथं मोबाईलची कव्हरं विकायला आली. हीनाला वाटलं, संपलं एकदाचं. महिनाभर दाखूबाई घरात माळ जपत होत्या.

मग एका संध्याकाळी नातू अंकित नवापूरहून आला आणि जेवताना सहज बोलून गेला, विसरवाडीच्या हायवेवर रूपचंदने डोशाची गाडी लावलीय, ट्रकवाल्यांची चांगली गर्दी असते.

दाखूबाईंनी ताट बाजूला सारलं.

“सकाळी विसरवाडीला पहिली बस किती वाजता आहे रे?”