एक्स्प्रेसची विश्रांती

कॉलनीत तिला सगळे एक्स्प्रेस म्हणतात. दूधवाल्याच्याही आधी ती रस्त्यावर धावत असते आणि मग दिवसभर इस्पितळात एक्स-रे काढत उभी. "पायाला भिंगरी लागलीय हिच्या," असं सासूबाई येईल त्याला सांगतात. कौतुकानं की वैतागानं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. तर या एक्स्प्रेसची रविवारी मॅरेथॉन होती. पूर्ण, बेचाळीस किलोमीटरची. गेल्या वर्षी शेवटच्या टप्प्यात पायात गोळे आले, ती कोसळली आणि तिला रुग्णवाहिकेत घालून आणावं लागलं. या वेळी स्वतःच्या पायांनी शेवटची रेघ ओलांडायची, एवढंच तिला हवं होतं. पन्नाशी दारात येऊन उभी होती. पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील याची हमी कोण देणार?

प्रशिक्षकानं बजावलं होतं, "शेवटचा आठवडा धावायचं नाही. पोटभर जेवायचं आणि पाय वर करून पडायचं. तासन्‌तास उभं तर अजिबात राहायचं नाही." म्हणून तिनं रजा टाकली. आणि तिथंच चुकलं बघा. आजारपणाची रजा असती तर घरानं ऐकलं असतं. धडधाकट बाई घरात आडवी पडणार, हे कुणाच्या पचनी पडायला हवं ना!

सोमवारी ती सोफ्यावर पाठ टेकवते न टेकवते तोच सासूबाई आल्या. "अनायसे घरी आहेस तर माळा उपसून घेऊया का गं?"

"आई, मला पडून राहायचंय. शर्यत आहे माझी."

"मग पड की! मी कुठं नको म्हणतेय? माळ्याचं तेवढं झालं की पड."

मंगळवारी पडदे धुवायला निघाले. त्यात धावणं बंद झाल्यामुळे तिचं अंग आतून नुसतं तडफडत होतं. कधी डावा गुडघा दुखल्यासारखा वाटायचा, कधी टाच. धड धावता येत नाही, धड लोळताही येत नाही. कुणी साधं "चहा घेतेस का?" म्हटलं तरी ती खेकसायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

नवऱ्याचं वेगळंच चाललेलं. विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून त्यानं शहरातच, बसस्थानकामागच्या टायरच्या जुन्या गोदामात, वाइन करायला घेतली होती. ट्रकनं द्राक्षं आणायची, तिथंच चिरडायची, तिथंच पिंपात मुरवायची. टायरचा वास आता गेलाय, असं तो म्हणतो. मित्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. आता पहिल्यांदाच शहरातली माणसं येऊन ती वाइन चाखणार होती.

बुधवारी तो उड्या मारतच घरात शिरला. "चाखण्याचा कार्यक्रम या शनिवारी घेतला!"

"पुढच्या शनिवारी होता ना?"

"हो, पण तेव्हा तू ड्युटीवर. या आठवड्यात मोकळी आहेस, म्हणून अलीकडे ओढला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, रविवारी माझी शर्यत आहे!"

"ती सकाळी ना? आपलं आदल्या संध्याकाळी. कुठं आडवं येतंय?"

बरं, यात लबाडी म्हणाल तर काडीची नाही. बायकोची सोय बघितली या समाधानात तो उभा होता. ओरडायला तोंड उघडलं होतं तिनं, पण त्याचा तो खुललेला चेहरा बघितला आणि शब्द गिळले.

शनिवारी गोदामात खुर्च्या होत्या, पण पाहुण्यांपुरत्या. ती दुपारपासून उभी. भाड्यानं आणलेले ग्लास पुसले, बाटल्यांची खोकी सरकवली, पाहुणे आल्यावर प्रत्येकाला ओतून दिलं. वाइन चाखणारे घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकतात, हे नवऱ्यानंच तिला शिकवलं होतं. नवीन बाटली उघडली की ती तेच करत होती. बाटली बिघडलेली तर नाही ना, एवढं बघायला.

ते एका दातांच्या डॉक्टरांनी पाहिलं. "अहो, मालकीणबाईच थुंकताहेत! मग आम्ही कशाच्या भरवशावर प्यायची?"

गोदामभर हशा पिकला. नवरा कसनुसा हसत जवळ आला आणि कुजबुजला, "एक घोट गिळ ना. लोक बघताहेत."

"उद्या बेचाळीस किलोमीटर आहेत माझे."

"एका घोटानं काय होतंय? माझ्यासाठी!"

ती बाटली घेऊन पुढच्या पाहुण्याकडे वळली. शेवटचा पाहुणा बाहेर पडला, तेव्हा मात्र तिनं हातातला ग्लास टेबलावर आपटला. "आठवडाभर तुझ्यासाठी, आईंसाठी, माळ्यासाठी! माझ्या पोटऱ्यांचे दगड झालेत. हे पाय घेऊन उद्या मी धावू कशी?"

तो गांगरलाच. "मग 'नाही' असं का म्हणाली नाहीस?"

"तू इथं एकटा पडला असतास. ते मला बघवलं नसतं. गेल्या वर्षी मी रस्त्यावर एकटी पडले होते. तू ते बघायलाही नव्हतास!"

त्यानं पायाशी असलेली बादली बाजूला सरकवली. मग म्हणाला, "उद्या येतो. शेवटच्या रेघेपाशी थांबतो."

"तिथं टाळ्या वाजवायला ढीगभर माणसं असतात. त्याच्या अलीकडच्या उड्डाणपुलावर ये. तिथं चिटपाखरू नसतं."

"किती वाजता?"

"नऊच्या आसपास."

त्याची नजर टेबलावरच्या बरबटलेल्या ग्लासांकडे गेली. "नऊला तर हे परत द्यायचेत गं," तो बोलून गेला आणि जीभ चावली.

 तिनं एक खुर्ची ओढली, बसली, बूट काढले आणि दोन्ही पाय बाटल्यांच्या खोक्यावर टाकले. "मग आत्ताच धुवायला घे. रात्रीच नेऊन दे."

तो बाह्या सरसावून आतल्या नळाकडे गेला. तिच्या पोटऱ्या ठणकत होत्या, आणि एका रात्रीत त्या काही मोकळ्या होणार नव्हत्या. "अगं, फडकं कुठंय?" त्यानं आतून दोनदा विचारलं. ती जागची हलली नाही.