सव्वीस जानेवारीची निरगाठ

गाठीच्या बाबतीत माझ्या मोठ्या मामांइतका गर्विष्ठ माणूस उभ्या मराठवाड्यात झाला नसेल. घराणं मेंढरं राखणारं, त्यामुळे दावं आणि दोर हीच त्यांची बाराखडी. चिकलठाण्याच्या कारखान्यातही ते माल बांधायच्या खात्यात होते. माझ्या लग्नात त्यांनी आमची उपरण्या-शेल्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. भटजी चिडले, तर म्हणाले, "मंत्र तुमचे बराबर हायेत, गाठ लेची हाय." पण त्यांचा खरा मान सव्वीस जानेवारीला. शाळेचा झेंडा तेच बांधत. आत झेंडूच्या पाकळ्या, वर सुरगाठ. एका झटक्यात उघडलीच पाहिजे. कप्पीत दोर ओवायला खांबावर चढायचा तो गावाबाहेरच्या दलित वस्तीतला किसन, कारखान्यात त्यांच्याच पाळीचा. रोज दोघं एकाच सायकलवर कामाला जात.

नामांतराचा वाद पेटला आणि विद्यापीठाच्या नावावरून आमचं गाव दुभंगलं. वस्तीचं दळण गिरणीवाल्यानं बंद केलं. जानेवारीत सरपंचांनी सांगितलं, "औंदा झेंड्याला वस्तीतलं कुणी नको. ज्याला पुळका असंल, त्याचंबी दळण बंद." मामा मान डोलावून घरी आले. एरवी ते चपलेच्या अंगठ्यावरूनसुद्धा तासभर भांडत, म्हणून मला धास्ती वाटली.

त्या सकाळी दोर मागच्या वर्षीचाच ओवलेला होता. मामा झेंडा बांधत होते आणि मी शेजारी पाकळ्यांचं ताट धरून उभा होतो. मैदानात निम्मी माणसं काठ्या घेऊन आलेली, दोन पोलीस फाटकाशी. सरपंचांनी दोरी ओढली. झेंडा वर गेला, पण उघडेना. त्यांनी चिडून हिसका दिला, तशी दोरी कप्पीत अडकली. आता वरही जाईना, खालीही येईना. एक गडी चढायला गेला, निम्म्यातून घसरला, पायजमा टरकन फाटला. कुणीही हसलं नाही.

"अण्णा, काय केलंत हे?" सरपंचांनी मामांना विचारलं.

"चुकलं. वय झालं. किसनला बोलवा."

बोलवायला गेलेला माणूस परत आला तो घाम पुसत. "एकटा येत नाय म्हणतो. आली तर समदी वस्ती येईल, बायापोरांसकट."

काठ्यांवरच्या मुठी आवळल्या. सरपंच वर अडकलेल्या झेंड्याकडे बघून पुटपुटले, "येऊ द्या."

वस्ती आली आणि थेट पुढच्या रांगेत उभी राहिली. किसन सरसर वर चढला. गाठीला हात लावून थबकला, खाली मामांकडे बघितलं, मग दातांनी गाठ सोडवली. पाकळ्या सगळ्यांच्याच डोक्यांवर पडल्या. राष्ट्रगीत झालं. उतरल्यावर तो हळूच म्हणाला, "अण्णा, निरगाठ?"

"हात थरथरला," मामा म्हणाले.

हात थरथरला नव्हता. मी बघितलं होतं.

पुढच्या वर्षी सरपंचांनी झेंडा बांधायला दुसरा माणूस नेमला. मामा पहाटेच धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसले होते. बोलावणं आलं नाही. शेवटी किसनच आला आणि "चला" म्हणाला. वस्तीला त्या वर्षी कुणी अडवलं नाही. हे दोघं मागं उभे राहिले. झेंडा एका झटक्यात उघडला. मामांनी टाळ्या वाजवल्या, उपरण्यानं डोळे टिपले. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि तितकंच वाईटही.

"पाकळ्या कमी भरल्यात," ते म्हणाले.